क्राफ्ट बिअर चाखताना गुण प्रकाराला द्यावेत की आवडीला?

यवरस

नमस्कार मंडळी,

आम्ही चार मित्र अधूनमधून एकत्र बसून वेगवेगळ्या प्रकारच्या क्राफ्ट बिअर चाखतो आणि प्रत्येक बिअरवर चार ओळी लिहून ठेवतो. एका बैठकीत मोजक्याच बाटल्या उघडायच्या, प्रत्येकाच्या पेल्यात थोडीशीच बिअर घ्यायची, आधी ज्याचे त्याने लिहायचे आणि मगच बोलायचे, असा आमचा शिरस्ता आहे. पिल्सनर, वाइसबिअर, आयपीए (इंडिया पेल एल), पोर्टर, स्टाउट असे बरेच प्रकार याप्रमाणे चाखून झाले आणि गुणांवरून आमच्यात फारसे वाद कधी झाले नाहीत.

गेल्या बैठकीत मात्र ग्यूझ ही बेल्जियमची आंबट बिअर उघडली आणि एकमत मोडले. एका मित्राने तिला दहापैकी तीन गुण दिले, दुसऱ्याने नऊ. वह्या शेजारी ठेवून वाचल्या तेव्हा ध्यानात आले की दोघांचे वर्णन जवळजवळ सारखेच होते: लिंबाच्या सालीसारखा धारदार आंबटपणा, ओल्या लाकडाचा आणि चामड्याचा वास, गोडवा औषधालाही नाही, आणि घोट गेल्यावर तोंड कोरडे करणारा शेवट. दोघांना जाणवले ते एकच, पण निवाडा अगदी दोन टोकांचा. तीन देणाऱ्याचे म्हणणे असे, की जी बिअर मला दुसऱ्यांदा प्यावीशी वाटत नाही तिला मी चांगले गुण कोणत्या तोंडाने देऊ? नऊ देणाऱ्याचे म्हणणे असे, की ग्यूझ अशीच असायला हवी आणि ही तशीच होती.

माझे प्रश्न असे आहेत. परीक्षण लिहिताना मापदंड बिअरच्या प्रकाराचा असावा की चाखणाऱ्याच्या आवडीचा? एखादी चव मुद्दाम आणलेली आहे की बिघाडामुळे आली आहे, हे पेल्यावरून ओळखता येते का? आणि केवळ ‘छान’, ‘कडक’, ‘हलकी’ अशा शब्दांपलीकडे जाऊन टिपण नेमके कसे लिहावे? ज्यांनी हे काम दीर्घकाळ केले आहे त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

संथ किण्वन

यवरस, तुमच्या दोन्ही मित्रांचे वर्णन जुळले ही फार चांगली खूण आहे. परीक्षणात दोन निराळी कामे असतात. पेल्यात काय आहे ते सांगणे हे पहिले आणि ते कितपत साधले आहे ते ठरवणे हे दुसरे. पहिले काम जमले की दुसऱ्याबाबत मतभेद झाले तरी वाचणाऱ्याचे नुकसान होत नाही, कारण त्याला स्वतःचा निर्णय घेण्यापुरते साहित्य मिळालेले असते. तुमच्या मित्राने ‘तीन गुण’ एवढेच लिहिले असते तर ते टिपण कोणाच्याच उपयोगाचे नव्हते. पण लिंबाची साल, ओले लाकूड आणि कोरडा शेवट हे वाचून आंबट बिअर आवडणारा माणूस त्याच टिपणावरून ती बाटली शोधायला निघेल.

गुणांच्या बाबतीत मी प्रकाराच्या बाजूने आहे. बिअर परीक्षकांची परीक्षा घेऊन त्यांना प्रमाणपत्र देणारी, १९८५ पासून चालू असलेली बीजेसीपी ही संस्था जी गुणपत्रिका वापरते, तिच्यात एकूण ५० गुण असतात. त्यांपैकी वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडातल्या स्पर्शाला ५ आणि एकूण परिणामाला १० गुण असतात. या वाटणीकडे जरा निरखून पाहा. ज्या रंगाचे आणि फेसाचे छायाचित्र आपण सर्वांत आधी काढतो त्याला तीनच गुण आहेत आणि वासाला त्याच्या चौपट. बहुतेक नवशिके वासावर जेमतेम दोन शब्द लिहितात आणि रंगावर ओळभर. तिथपासूनच टिपण पातळ होऊ लागते. शेवटच्या दहा गुणांमध्ये परीक्षकाच्या पसंतीला जागा आहे, पण ती तेवढीच आहे, आणि माझ्या मते तेवढीच असावी.

आता चाखण्याच्या रीतीबद्दल. पेल्यात साठ ते नव्वद मिलिलिटर बिअर पुरेशी होते. पेला वरच्या बाजूला किंचित आत वळलेला असावा, म्हणजे वास कोंडून राहतो. ओतताना पेला प्रथम तिरपा आणि शेवटी सरळ धरून दोन बोटे फेस येऊ द्यावा, कारण फुटणाऱ्या बुडबुड्यांबरोबरच वास वर येतो. ओतल्यावर पहिल्या काही क्षणांतच नाक पेल्याशी न्यावे. काही वास, विशेषतः गंधकयुक्त वास, अगदी लवकर उडून जातात आणि तुम्ही रंगाचे वर्णन लिहीत बसलात तर ते कायमचे निसटतात. मी आधी लहान लहान हुंगण्या घेतो, नंतर पेल्यावर तळवा झाकून तो हलकेच फिरवतो आणि मग एकदा खोल हुंगतो. रंग, पारदर्शकता आणि फेसाचा टिकाऊपणा यांची नोंद त्यानंतर केली तरी चालते. या गोष्टी पळून जात नाहीत.

पहिल्या घोटावर कधीही गुण देऊ नयेत. शितावरून भाताची परीक्षा होते, पहिल्या घोटावरून बिअरची होत नाही, कारण तोंडात आधीची चव रेंगाळत असते आणि थंडपणामुळे जीभ बधिर असते. पहिला घोट तोंड भिजवण्यासाठी, दुसरा लक्षपूर्वक. दुसरा घोट जिभेवरून सगळीकडे फिरवावा, गिळावा आणि तोंड मिटूनच नाकाने श्वास बाहेर सोडावा. ज्याला आपण चव म्हणतो त्यातला फार मोठा भाग घशामागून नाकात जाणाऱ्या वासाचा असतो, आणि तो या उच्छ्वासाबरोबर कळतो. कडवट चव जिभेच्या मागच्याच भागात कळते असा एक जुना समज आहे, पण तो खरा नाही. कडवटपणा जिभेवर सर्वत्र जाणवतो. तो सावकाश चढतो आणि उशिरापर्यंत टिकतो, एवढे मात्र खरे. त्यामुळेच बिअरचे परीक्षक घोट थुंकत नाहीत, गिळतात. आणि गिळायचेच असल्यामुळे माप लहान आणि बाटल्या थोड्या ठेवणे हा तुमचा शिरस्ता मला अत्यंत योग्य वाटतो.

तापमानाकडे लोक सर्वाधिक दुर्लक्ष करतात. फिकट लागर (थंडीत सावकाश आंबवलेली, पिल्सनरसारखी बिअर) चार ते सात अंश सेल्सिअसला खुलते, पण इम्पिरियल स्टाउट, म्हणजे काळीभोर आणि जास्त मद्याची बिअर, त्याच तापमानाला प्यायलात तर भाजलेल्या माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) कडवटपणा आणि मद्याची ऊब एवढेच हाती लागते. तीच स्टाउट बारा-चौदा अंशांवर येऊ द्या, म्हणजे कोको, सुके अंजीर, काळी मळी आणि कॉफी असे एकामागून एक थर उलगडू लागतात. अर्धी बिअर पेल्यात तशीच ठेवून पाव तासाने पुन्हा चाखावी आणि दोन्ही वेळची टिपणे शेजारी शेजारी लिहावीत. बिअरमधले दोषसुद्धा बहुतांश वेळा या दुसऱ्या चाखण्यातच उघडे पडतात.

राहिला शब्दांचा प्रश्न. ‘कडक’ असे लिहिण्याआधी स्वतःला विचारावे की हा कडकपणा कशाचा आहे: हॉप्सचा (बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणाऱ्या वेलीच्या फुलांचा), भाजलेल्या माल्टचा, मद्याचा की कार्बन डायऑक्साइडच्या टोचणीचा? हॉप्सच्या कडवटपणाला आयबीयू नावाचा आकडा असतो आणि तो ढोबळमानाने एका लिटरमध्ये आयसो-अल्फा आम्ले (हॉप्समधून येणारी कडवट द्रव्ये) किती मिलिग्रॅम आहेत ते सांगतो. पण साठ आयबीयूची इम्पिरियल स्टाउट चाळीस आयबीयूच्या कोरड्या पिल्सनरपेक्षा सौम्य लागू शकते, कारण स्टाउटमध्ये उरलेली साखर आणि घट्टपणा कडवटपणाला झाकून टाकतात. म्हणून लेबलावरचा आकडा वाचून ‘फार कडू’ असे लिहू नये. कडवटपणा केव्हा आला, किती चढला, मागे काय ठेवून गेला, हे लिहावे. हीच गोष्ट फळांची. ‘फळांचा वास’ हे फार मोघम आहे. केळे, हिरवे सफरचंद, संत्र्याची साल, पिकलेला आंबा, मनुका, यांपैकी प्रत्येकाचा उगम निराळा आहे आणि नेमके फळ लिहिले की जाणकार वाचकाला यीस्ट, हॉप्स किंवा माल्ट यांच्यापैकी कोण बोलत आहे ते समजते.

काळा माल्ट

संथ किण्वन यांच्याशी सहमत आहे. यवरस यांच्या दुसऱ्या प्रश्नावर, म्हणजे दोष आणि हेतू यांच्यावर, थोडे सविस्तर लिहितो, कारण माझ्या समजुतीप्रमाणे प्रकाराचे ज्ञान नेमके याच ठिकाणी अपरिहार्य ठरते.

लवंगेचा वास घ्या. तो ४-व्हायनिल ग्वायाकॉल या संयुगामुळे येतो. धान्यातल्या फेरुलिक आम्लापासून काही विशिष्ट यीस्ट हे संयुग तयार करतात. बव्हेरियन वाइसबिअर बनवणारे ते मुद्दाम मिळवतात. फेरुलिक आम्ल मोकळे व्हावे म्हणून माल्ट भिजवताना पंचेचाळीस अंशांच्या आसपास काही वेळ थांबतातही. त्याच बिअरमधला केळ्याचा वास आयसोअमाइल अ‍ॅसिटेटचा, तोही यीस्टचीच देणगी. किमान निम्मा गव्हाचा माल्ट, गढूळ सोनेरी रंग, उंच आणि घट्ट फेस, आणि केळे व लवंग यांचा तोल, ही चांगल्या वाइसबिअरची ओळख आहे. आता हीच लवंग पिल्सनरमध्ये लागली तर? लागरचे यीस्ट हे संयुग बनवत नाही, त्यामुळे भट्टीत कुठेतरी रानटी यीस्ट शिरले आहे असा संशय घ्यावा लागतो. संयुग एकच आहे, एकीकडे त्याला पूर्ण गुण आणि दुसरीकडे त्यासाठी बाटली नापास. सब घोडे बारा टक्के या न्यायाने ‘लवंग म्हणजे वाईट’ किंवा ‘लवंग म्हणजे चांगली’ असे ठरवताच येत नाही.

लोण्याच्या वासाची गोष्ट आणखी नाजूक आहे. तो डायअ‍ॅसिटिलचा असतो. किण्वनात यीस्टमुळेच त्याची निर्मिती होते आणि यीस्टला पुरेसा वेळ मिळाला तर ते त्याला पुन्हा शोषून घेते. त्यासाठी अनेक लागरकर्ते किण्वन संपत आले की तापमान काही अंशांनी वाढवून एक-दोन दिवस थांबतात. जर्मन पिल्समध्ये लोण्याचा वास हा सरळसरळ दोष मानला जातो, पण चेक फिकट लागरमध्ये त्याची पुसट छटा खपते. काही माणसांच्या नाकाला हा वास जवळजवळ कळतच नाही. अशांनी जिभेकडे लक्ष द्यावे. डायअ‍ॅसिटिल असेल तर जिभेवर आणि गालांच्या आतून एक बुळबुळीत, तेलकट थर जाणवतो.

काही वास मात्र जवळपास कोणत्याच प्रकारात क्षम्य नाहीत. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बिअरला ऑक्सिजन लागला आहे आणि ती जुनी झाली आहे. बार्लीवाइनसारख्या मुरवायच्या बिअरमध्ये जुनेपणामुळे शेरीसारखी जी छटा येते ती स्वागतार्ह असते, पण पुठ्ठा तिथेही नको. शिजवलेल्या मक्याचा किंवा कोबीचा वास डायमिथाइल सल्फाइडचा. तो फिकट माल्टच्या बिअरमध्ये, वॉर्ट (माल्टचे, अजून न आंबवलेले गोड पाणी) पुरेसे उकळले नसेल किंवा उकळल्यावर ते लवकर थंड केले नसेल तर उरतो. फिकट लागरमध्ये त्याची अगदी पुसट छटा चालून जाते, त्यापलीकडे नाही. हिरव्या सफरचंदाचा वास अ‍ॅसिटाल्डिहाइडचा असतो आणि बिअर कोवळी असतानाच बाटलीत भरली असे बहुधा सुचवतो.

आणि उजेडाचा मार. हा वास एकदा स्वतः घडवून पाहावा, असे मी प्रत्येकाला सांगतो. हिरव्या काचेतल्या एकाच लागरच्या दोन बाटल्या घ्याव्यात, एक कपाटात ठेवावी आणि दुसरी तासभर उन्हात. मग दोन्ही सारख्याच थंड करून शेजारच्या पेल्यांत ओताव्यात. उन्हातल्या पेल्यातून जळक्या रबरासारखी, उग्र, जनावराची आठवण करून देणारी दुर्गंधी येईल आणि कपाटातल्या पेल्यात गवत व फुलांचा स्वच्छ हॉप्सगंध असेल. बिअरमधले रायबोफ्लेविन (ब-२ जीवनसत्त्व) निळा प्रकाश शोषते, त्या ऊर्जेने हॉप्सची आयसो-अल्फा आम्ले तुटतात आणि त्यांतून गंधकाचे एक संयुग तयार होते, जे एका लिटरमध्ये काही नॅनोग्रॅम असले तरी नाकाला कळते. तपकिरी काच हा प्रकाश बराचसा अडवते, हिरवी फार थोडा, पारदर्शक जवळजवळ मुळीच नाही, आणि कॅनमध्ये तो प्रश्नच उद्भवत नाही. काही उत्पादक रासायनिक प्रक्रिया केलेला हॉप्सचा अर्क वापरतात आणि त्यांची बिअर पारदर्शक बाटलीतही टिकते, हे मात्र ध्यानात असू द्यावे.

आपले नाक खरोखर फरक ओळखते की आपण लेबल वाचून लिहितो, याची खात्री करण्यासाठी त्रिकोणी चाचणी घ्यावी. तीन पेले, त्यांपैकी दोन पेल्यांत एकच बिअर, तिसऱ्यात निराळी, आणि ओतणारा माणूस चाखणाऱ्यांना दिसणार नाही अशी व्यवस्था. निराळा पेला कोणता ते ओळखायचे. नुसत्या अंदाजानेही तीनांत एकदा उत्तर बरोबर येते, म्हणून चाचणी वारंवार केल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. रंगाचा फरक लपवण्यासाठी अपारदर्शक पेले वापरले तर आणखी उत्तम.

तळाशी फेस

वरच्या प्रतिसादांत पेल्याच्या स्वच्छतेचा उल्लेख राहिला, म्हणून एवढेच नोंदवतो. बिअर ओतल्यावर पेल्याच्या आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून राहिले, किंवा फेस लगेच बसला, तर बिअरला दोष देण्याआधी पेला तपासावा. तेलाचा, ओठांवरच्या मलमाचा किंवा साबणाचा अंश फेस मोडतो. फेस माल्टमधली प्रथिने आणि हॉप्समधली कडवट द्रव्ये यांच्या आधारावर उभा असतो आणि स्निग्ध पदार्थ तो आधार काढून घेतात. स्वच्छ पेल्यात प्रत्येक घोटानंतर फेसाची एकेक वलये काचेवर मागे राहतात. ती दिसली की मगच फेसाचे गुण द्यावेत.

उगमवाट

चर्चा उत्तम चालली आहे, पण प्रकाराला इतके मोठे स्थान देण्याविषयी माझे मत थोडे वेगळे आहे, आणि ते मांडल्याशिवाय राहवत नाही.

प्रकार हे दगडात कोरलेले नसतात. आज ज्या पिल्सनरच्या मापाने आपण कितीतरी फिकट लागर मोजतो, ती १८४२ मध्ये आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या प्ल्झेन शहरात योसेफ ग्रोल या बव्हेरियन बिअरकर्त्याने पहिल्यांदा बनवली. तिथले मृदू पाणी, फिकट भाजलेला माल्ट आणि साझ हॉप्स एकत्र आले आणि लोकांनी आधी न पाहिलेली सोनेरी लागर निघाली. त्या वेळच्या मापदंडाने कोणी गुण दिले असते तर गडद लागरच्या तुलनेत ती ‘प्रकारात न बसणारी’ ठरली असती. आयपीएचेही तेच. बर्टन-अपॉन-ट्रेंटच्या सल्फेटयुक्त पाण्यावर वाढलेली ही इंग्लिश बिअर अमेरिकेत गेली, १९७२ मध्ये लागवडीसाठी खुल्या झालेल्या कॅस्केड हॉप्समुळे अमेरिकन एलमध्ये (उबदार तापमानाला आंबवलेल्या बिअरमध्ये) ग्रेपफ्रूटचा आणि देवदाराचा गंध शिरला, आणि पुढे व्हरमाँटच्या बाजूला ओट्स व गहू घालून गढूळ, मऊ, फळांच्या रसासारखी आयपीए तयार झाली. पारदर्शक आणि करकरीत कडू असणे ही ज्या प्रकाराची खूण होती, त्याच प्रकारात आता गढूळपणा आणि कमी कडवटपणा ही खूण झाली आहे. पहिली गढूळ आयपीए चाखणाऱ्या परीक्षकाने नियमपुस्तक उघडून दिसण्याचे गुण कापले असते, तर नियमाप्रमाणे तो बरोबरच ठरला असता आणि तरीही मोठी गोष्ट त्याच्या हातून निसटली असती.

यासाठी मी टिपणात एक प्रश्न जास्तीचा ठेवतो: बिअर बनवणाऱ्याला काय साधायचे होते असे पेल्यावरून दिसते, आणि ते साधले का? लेबलावर प्रकाराचे नाव असेल तर ते माझ्यासाठी पुरावा आहे, निकाल नाही. जर्मनीतल्या बामबर्गच्या राउखबिअरमध्ये बीच लाकडाच्या धुराचा वास इतका दाट असतो की पहिल्यांदा चाखणारा दचकतो. पण तो धूर माल्ट वाळवतानाच दिलेला आहे, तो घोटाच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत एकसारखा राहतो, आणि त्याच्याखाली लागरचा गोलसर माल्ट शाबूत असतो. हेतू स्पष्ट आहे आणि तो पार पडला आहे. याउलट ज्या बिअरमध्ये मिरी, व्हॅनिला, नारळ आणि पिंपातली व्हिस्की हे सारे एकमेकांवर कुरघोडी करत असतात, तिच्या बाबतीत बनवणाऱ्याने काहीच ठरवले नव्हते असे मी बेधडक लिहितो, मग ती कोणत्याही प्रकारात बसो.

आणखी एका गोष्टीचे मला मनापासून वाईट वाटते. अ‍ॅपवर सर्वसामान्य चाखणाऱ्यांनी दिलेल्या गुणांची सरासरी पाहिली तर इम्पिरियल स्टाउट आणि दुहेरी आयपीए वरच्या जागा अडवून बसलेल्या दिसतात आणि एखादी निर्दोष हेलेस (सौम्य, फिकट बव्हेरियन लागर) किंवा इंग्लिश माइल्ड (कमी मद्याची सौम्य एल) कुठेतरी मध्यावर पडून असते. चार-पाच जणांच्या बैठकीत लहान लहान घोट घेतले जातात आणि तिथे जाड, गोड, तीव्र बिअर सहज उठून दिसते. हेलेसमध्ये मात्र लपायला जागा नसते; थोडेसे डायअ‍ॅसिटिल, थोडासा मका, थोडा जुनेपणा, काहीही झाकले जात नाही. ती निर्दोष बनवणे किती कठीण आहे हे परीक्षणात कोणीतरी आवर्जून लिहायला हवे. इथे संथ किण्वन यांचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे: प्रकाराचा मापदंड असल्याखेरीज या शांत बिअरना न्याय मिळणार नाही. माझा आक्षेप फक्त त्या मापदंडाला अंतिम शब्द मानण्याला आहे.

यवरस

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उगमवाट आणि संथ किण्वन यांच्यातला मतभेद आमच्या गटात मोठ्याने वाचून दाखवला आणि त्यानंतर ग्यूझची राखून ठेवलेली दुसरी बाटली या पद्धतीने चाखली. ग्यूझ ही एक, दोन आणि तीन वर्षे मुरवलेल्या लँबिकच्या मिश्रणातून बनते, आणि लँबिकचे वॉर्ट ब्रुसेल्सच्या आसपास उथळ, उघड्या कढयांत रात्रभर निवत ठेवून हवेतल्या आणि लाकडी पिंपांतल्या जिवाणूंवर व यीस्टवर सोपवतात, एवढी माहिती या वेळी चाखण्याआधीच सर्वांना होती. आमचे एकत्रित टिपण असे:

‘दहा अंशांच्या आसपास ओतली. रंग गडद सोनेरी, किंचित धुरकट. फेस पांढरा, जोमाने आला, लवकर बसला, पण काठावर कडे राहिले. वासात आधी लिंबाची साल आणि हिरवे सफरचंद, मग वाळलेले गवत, चामडे, ओले लाकूड. हॉप्सचा वास जवळजवळ नाही. चवीत आंबटपणा लगेच आणि स्वच्छ येतो, मध्यावर गव्हाची धान्यासारखी मऊ छटा क्षणभर डोकावते, मग पुन्हा आंबटपणा आणि लाकडाचा हलका तुरटपणा. कडवटपणा नगण्य. अंगाने अतिशय हलकी, बुडबुडे बारीक आणि भरपूर. शेवट कोरडा, दीर्घ. पाव तासानंतर आंबटपणा निवळलेला वाटतो आणि जर्दाळूसारखा एक वास वर येतो.’

गुण या वेळी सहा ते नऊ यांच्या दरम्यान आले. तीन देणाऱ्या मित्राने सहा दिले आणि खाली लिहिले: ‘मला ही आवडत नाही, पण ज्याला आंबट बिअर आवडते त्याने ही जरूर घ्यावी.’

एक शंका उरली. चौघांपैकी एकाला दुसऱ्या पेल्यात थोडा व्हिनेगरचा झोंबणारा वास आला आणि गिळल्यानंतर काही क्षणांनी भाजलेल्या धान्यासारखी, किंचित उंदराच्या पिंजऱ्यासारखी चव आली. इतरांना ती मुळीच जाणवली नाही. ग्यूझमध्ये हे चालते का, की त्याचा भास असावा?

संथ किण्वन

टिपण अप्रतिम झाले आहे, विशेषतः आंबटपणा कधी आला आणि मध्यावर काय डोकावले हा क्रम तुम्ही पकडला आहे. हॉप्सचा वास नाही ही नोंदही महत्त्वाची आहे. लँबिकमध्ये मुद्दाम जुने, वाळलेले हॉप्स वापरतात, जे जिवाणूंना आवर घालतात पण सुगंध आणि कडवटपणा फारसा देत नाहीत. मित्राच्या शेवटच्या वाक्याला हात लावू नका. आपली आवड आणि आपला निवाडा दोन्ही त्याने एका ओळीत उघड केले आहेत आणि वाचणाऱ्याला त्याहून अधिक काही नको असते.

शंकेबद्दल. व्हिनेगरचे अ‍ॅसिटिक आम्ल ग्यूझमध्ये थोडे असतेच, पण मुख्य आंबटपणा लॅक्टिक आम्लाचा, म्हणजे दह्याच्या अंगाचा आणि गोलसर असायला हवा. वास नाकाला झोंबत असेल आणि घोट घशात जळत असेल तर या प्रकारातही गुण कापावेत. उंदराच्या पिंजऱ्याची चव हा मित्राचा भास नाही. तो टेट्राहायड्रोपायरिडिन नावाच्या संयुगांचा दोष आहे, जो ब्रेटानोमायसिस यीस्ट आणि काही जिवाणू यांच्यामुळे येतो. आंबट बिअरमध्ये ही संयुगे उडत नाहीत, म्हणून पेला हुंगून ती सापडत नाहीत. गिळल्यावर लाळेमुळे तोंडातला आम्लपणा कमी होतो आणि मगच ती मोकळी होतात. प्रत्येकाच्या लाळेचा आम्लपणा सारखा नसल्यामुळे एकाच बाटलीतून चाखणाऱ्या चौघांपैकी एकालाच ती जाणवणे अगदी शक्य आहे. हा दोष बाटलीत काही महिन्यांनी आपोआप ओसरताना अनेकदा दिसतो, म्हणून त्याच साठ्यातली आणखी एक बाटली असेल तर ती अंधारात, थंड जागी उभी ठेवा, टिपणावर बाटली भरल्याची तारीख लिहा, आणि पुढच्या वेळी पेला त्याच मित्राच्या हाती आधी द्या.